कुपी फुटल्यानंतर: कार्बनलेस कागदाचं प्रकरण

छापखान्यात कार्बनलेस कागदाचं, म्हणजे मध्ये कार्बन पेपर न घालता नक्कल उमटवणाऱ्या कागदाचं, नवं रीम उघडलं की कारागीर आधी दोन ताव एकमेकांवर ठेवतो आणि वरच्या तावावर अंगठ्याचं नख ओढतो. खालच्या तावावर निळी रेघ उमटली तर बाजू बरोबर, नाही उमटली तर ताव उलटे लागलेत. आमच्या भागातल्या एका प्रेसमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कोलॉइड रसायन शिकवायला लागून मला सात वर्षं झाली होती. वर्गात ज्याच्यावर मी तासभर बोलायचे, ते त्या माणसाच्या नखाखाली क्षणात घडत होतं. त्या एका रेघेत लाखो सूक्ष्मकुप्या फुटलेल्या असतात.

सूक्ष्मकुपी म्हणजे मायक्रोकॅप्सूल. आत थेंबभर द्रव, बाहेर पातळ कवच, आणि आकार असा की केसाच्या जाडीत दहा-पंधरा कुप्या सहज मावाव्यात. आज औषधं, खतं, कीटकनाशकं, कपडे धुण्याच्या पावडरीतला सुवास, सगळीकडे त्या आहेत. पण त्यांची रचना शिकवायची तर मी अजूनही पावतीपुस्तकाच्या कागदापासूनच सुरुवात करते. मोठ्या प्रमाणावर विकलं गेलेलं सूक्ष्मकुप्यांचं पहिलं उत्पादन हेच. आणि कुपीची रचना करणाऱ्याचं काम नेमकं कुठे संपतं, हा प्रश्न इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या माहितीत नाही.

दोन बिनरंगी पदार्थ

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी होती. गल्ल्याची यंत्रं बनवणारी ही कंपनी. प्रत्येक विक्रीची पावती गिऱ्हाइकाला द्यायची आणि तिची नक्कल दुकानात ठेवायची, म्हणजे कार्बन पेपर आलाच. कार्बन पेपरने ज्यांनी दिवसभर पावत्या फाडल्या आहेत त्यांना बोटं, बाही आणि टेबल कसं होतं ते सांगायला नको. शिवाय प्रत्येक पावतीला कार्बन सरकवायचा, एखाद्या वेळी तो उलटा लागायचा, आणि मग नक्कल पावतीच्याच पाठीवर उमटायची.

कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ बॅरेट ग्रीन याने कार्बनची शाईच बाद करायची ठरवली. कागदावर आधीपासून रंग ठेवायचाच नाही, रंग लिहिण्याच्या क्षणी तयार व्हायला हवा. त्यासाठी क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हा पदार्थ उपयोगी पडला. तेलात विरघळवला की तो जवळपास बिनरंगी असतो, कारण त्याच्या रेणूत मधल्या कार्बनला जोडलेलं एक कडं बंद असतं. आम्लधर्मी पदार्थाला तो टेकला की ते कडं उघडतं, रेणूतले इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळे होतात, आणि लख्ख निळा रंग येतो. आम्लाची बाजू अटापुल्गाइट नावाच्या मातीने सांभाळली. वरच्या तावाच्या पाठीवर लॅक्टोनचं तेल, खालच्या तावाच्या पोटावर माती. दोन्ही पांढरे. भेट झाली की निळं.

रसायन इथवर सोपं आहे. अडचण ही की तेल कागदावर नुसतं फासून चालत नाही. ते झिरपतं, पसरतं, शेजारच्या तावाला लागतं, आणि गठ्ठा बांधायच्या आतच सगळा कागद निळा होतो. म्हणजे तेल धरून ठेवायचं. किती काळ? गोदामात वर्षभर, दोन वर्षं. आणि सोडायचं कधी? पेनाचं टोक टेकेल तेव्हा, त्याच जागी, तेवढंच. मागणी एकाच वेळी दोन्हीची होती. कवच जाड केलं की धरणं सोपं होतं आणि सोडणं अवघड. पातळ केलं की उलट.

या मागणीला आकडे लावले की ती जमण्यासारखी होती हे दिसतं. हा ढोबळ हिशेब आहे, पण विद्यार्थ्यांकडून मी तो दर वर्षी करवून घेते. बॉलपेनवर साधारण १०० ग्रॅम वजनाइतका जोर पडतो आणि तो पाव मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटतो असं धरा. दाब येतो सुमारे २०० वातावरणं, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या २०० पट. कागदाचा मीटरभर उंच गठ्ठा त्याच्या तळातल्या तावावर किती दाब देतो? एका वातावरणाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. दोन्हींत हजारो पटींचं अंतर आहे, आणि कुपीचं कवच या अंतरात कुठेतरी फुटायला हवं. रचनाकाराला इतकं रुंद दार क्वचितच मिळतं. पुढे औषधांच्या कुप्यांमध्ये हे दार फार अरुंद झालं, पण तो विषय वेगळा.

डिंक आणि जिलेटिन

कवचाची कल्पना हॉलंडमधल्या कामातून आली. बुंगेनबेर्ग द योंग आणि क्रायट यांनी १९२९ मध्ये कोॲसर्व्हेशन या घटनेला नाव दिलं. दोन पाण्यात विरघळणारे मोठे रेणू, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. योग्य परिस्थितीत ते एकमेकांना बिलगतात, पण साका होऊन खाली बसत नाहीत. पाण्यातूनच वेगळे होऊन दाट, पाकासारख्या द्रवाचे बारीक थेंब बनतात. एकाच भांड्यात आता दोन पाणीदार द्रव, एक पातळ आणि एक दाट. त्यातच तेलाचे थेंब असतील तर हा दाट द्रव त्यांच्याभोवती पसरतो.

ग्रीन आणि लॉवेल श्लायकर यांच्या नावावर या पद्धतीचं अमेरिकी पेटंट आहे. क्रमांक २८,००,४५७, मंजूर जुलै १९५७ मध्ये. त्यातलं उदाहरण एखाद्या पाककृतीसारखं वाचता येतं. २० भाग अरबी डिंक १६० भाग पाण्यात विरघळवायचा, त्यात ८० भाग तेल घुसळून इमल्शन करायचं. डुकराच्या कातडीचं २० भाग जिलेटिन तेवढ्याच पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचं. सगळं ५० अंश सेल्सिअसला. मग ढवळत ढवळत थेंब थेंब पाणी घालत जायचं, कोॲसर्व्हेशन सुरू होईपर्यंत. त्यानंतर हे सगळं बर्फासारख्या थंड पाण्यात ओतायचं, की कवच गोठतं. शेवटी फॉर्माल्डिहाइडने कवच पक्कं करायचं.

अरबी डिंक आफ्रिकेतल्या अकेशिया सेनेगल या झाडाचा, म्हणजे आपल्या बाभळीच्या डिंकाचा जवळचा नातलग. त्यावर ऋण भार असतो. या जिलेटिनचा समभार बिंदू, म्हणजे त्यावरचे धन आणि ऋण भार सारखे होतात ती पातळी, पीएच ८ च्या आसपास आहे, त्याहून आम्लधर्मी पाण्यात त्यावर धन भार येतो. दोघांना बिलगायला तेवढं पुरे. मग पाणी का वाढवायचं? द्रावण दाट असतं तेव्हा त्यातले सुटे आयन आणि खुद्द रेणूंची गर्दी भारांचं आकर्षण झाकून टाकतात. पाणी वाढलं की आड आलेलं हे सगळं विरतं आणि ओढ जाणवायला लागते. आम्ही प्रयोगशाळेत पाण्याऐवजी पातळ ॲसेटिक आम्लाचे थेंब घालून पीएच साडेचारच्या खाली आणतो. तत्त्व तेच.

ही पायरी डोळ्यांनी पाहण्यासारखी असते. बीकरमध्ये सूर्यफुलाचं तेल, त्यात थोडा तेलात विरघळणारा लाल रंग. आधी ते गुलाबी दुधासारखं दिसतं. आम्लाचे थेंब पडत जातात, काही होत नाही, आणि मग एकाएकी दुधाचा पोत बदलतो. थेंबभर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर प्रत्येक लाल थेंबाभोवती एक पारदर्शक वलय दिसतं, भिजलेल्या साबुदाण्यासारखं. पहिल्यांदा पाहणारी मुलं गप्प होतात. मीही दर वेळी थोडी होतेच.

आणि इथेच हात सुटला तर सगळं जातं. आम्ल भराभर घातलं की वलयं एकमेकांना चिकटून घोस बनतात. थंड करताना ढवळणं थांबलं की सगळ्या कुप्या मिळून रबरासारखा एक गोळा स्टररच्या पात्याला लटकतो. माझ्या पहिल्या सहा प्रयत्नांपैकी चारांचा शेवट असाच झाला होता. तापमान ३० च्या खाली येईपर्यंत कवच द्रवच असतं, कुपी म्हणावी असं अजून तिच्यात काही नसतं. म्हणून थंड करण्याचा वेग, ढवळण्याचा वेग आणि पीएच या तिघांवर एकाच वेळी लक्ष लागतं.

पाच मायक्रॉनच्या थेंबाचं गणित करून बघा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक मिलिलिटर तेलातून असे सुमारे १५०० कोटी थेंब होतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग सव्वा चौरस मीटरच्या आसपास. चार भाग तेलाला एक भाग कवच धरलं तर कवचाची जाडी भरते मायक्रॉनच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी. एवढ्या पातळ पडद्यामागे तेलाने दोन वर्षं बसायचं.

ते बसतं, कारण पडदा पाण्याच्या जातीचा आहे आणि तेल तेलाच्या जातीचं. सुकलेल्या जिलेटिनमध्ये तेल विरघळत नाही, म्हणून त्यातून पलीकडेही जात नाही. कवचाची खरी ताकद त्याच्या जाडीत कमी आणि या परकेपणात जास्त आहे. जिलेटिनची कमजोरीही यातच दडलेली आहे. पावसाळी हवेत ते पाणी ओढतं, मऊ पडतं. कोकणपट्टीतल्या दमट गोदामासाठी असं कवच मी सहजासहजी सुचवणार नाही.

गव्हाचा चीक

मला या प्रकरणात सगळ्यात आवडणारी गोष्ट कुपीबाहेरची आहे. छापखान्यात कागद रुळांतून जातो, कटिंग मशीनचा दाबपट्टा गठ्ठ्यावर बसतो, नंबर टाकणारं चाक आपटतं. गठ्ठ्याच्या वजनाचा हिशेब इथे चालत नाही. कुप्या नको तिथे फुटतात आणि निळे डाग पडतात. कवच जाड करून हे थांबवायला गेलं तर पेनाला उत्तर मिळेनासं होतं.

तोडगा निघाला तो गव्हाच्या स्टार्चचा. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच. त्याचे मोठे कण साधारण २० मायक्रॉनचे, म्हणजे कुप्यांच्या चौपट उंच. कुप्यांच्या लेपात हे कण मिसळले की ते मांडवाच्या खांबांसारखे उभे राहतात. सपाट, पसरलेला दाब खांबांवर येतो, कुप्यांना लागत नाही. पेनाचं टोक मात्र कागद दोन खांबांच्या मध्ये वाकवतं आणि थेट कुपीपर्यंत पोहोचतं. दाबाचं प्रमाण बदललं नाही, त्याचा आकार ओळखला गेला. प्रेसमधले लोक त्यावर आणखी एक उपाय करतात: कटिंगला लावताना गठ्ठ्याच्या वर-खाली जाड पुठ्ठा टाकतात आणि दाबपट्टा सैल ठेवतात.

कुपी एकटी घेऊन तिची परीक्षा करत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे सांगते. लेपात आजूबाजूला काय आहे, कागद किती लवचीक आहे, हवा कशी आहे, हे सगळं रचनेतच येतं.

आतलं तेल

१९५४ मध्ये हा कागद बाजारात आला. लेप चढवण्याचं काम विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपल्टन परिसरात होऊ लागलं. एनसीआर पेपर हे नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं आणि 'नो कार्बन रिक्वायर्ड' असंही त्याचं रूप सांगितलं जायचं. कागद चालला, फार चालला.

आतलं तेल कोणतं होतं? पेटंटच्या उदाहरणातच त्याचं नाव आहे: ट्रायक्लोरोडायफेनिल. आज आपण त्याला पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणतो. कारखान्यात वापरलं गेलं ते ॲरोक्लोर १२४२. शेवटचे दोन आकडे क्लोरिनचं प्रमाण सांगतात, वजनाच्या ४२ टक्के.

ते का निवडलं याची कारणं एकेक तपासून पाहिली तर प्रत्येक कारण पटतं. लॅक्टोन त्यात छान विरघळतो. ते उडून जात नाही, म्हणून कुपी रिकामी होत नाही. पेट घेत नाही. वर्षानुवर्षं बिघडत नाही. आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमही नाही, म्हणून जिलेटिनच्या कवचातून पाझरत नाही. धरून ठेवण्याच्या परीक्षेत या तेलाला पैकीच्या पैकी गुण पडायला हवेत, आणि पडलेही असतील.

आता हेच गुण नदीत नेऊन ठेवा. उडत नाही, बिघडत नाही, पाण्यात विरघळत नाही. मग जाईल कुठे? गाळात बसेल आणि माशाच्या चरबीत जाईल. कुपीच्या आत ज्यासाठी ते चांगलं, कुपीच्या बाहेर त्याचसाठी ते वाईट. यात दुसरं गुपित नाही. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करतं ते हेच: कुणाचा हिशेब चुकला नव्हता, हिशेब कागदावर पेन टेकण्याच्या क्षणी थांबवला होता.

फॉक्स नदी

लोअर फॉक्स नदी विनेबेगो सरोवरातून निघून उत्तरेला ग्रीन बेमध्ये, म्हणजे मिशिगन सरोवराच्या एका फाट्यात जाते. लांबी सुमारे ६३ किलोमीटर. काठावर कागदाच्या गिरण्यांची रांग.

तेल नदीत गेलं ते दोन वाटांनी. पहिली वाट लेप चढवण्याच्या यंत्रांची: धुतलेलं पाणी, उरलेला लेप. दुसरी वाट माझ्या मते जास्त शिकवणारी आहे. लेप चढवताना कागदाच्या कडा कापल्या जातात, काही रोल खराब निघतात. हा पांढरा, चांगल्या धाग्याचा कागद, तो कोण फेकेल? काठावरच्याच इतर गिरण्यांनी तो पुनर्वापरासाठी विकत घेतला. लगदा करताना कागद गरम पाण्यात घुसळला जातो, रसायनांनी धुतला जातो. कुप्या फुटायला याहून चांगली जागा नाही. जिलेटिनचं कवच विरघळून गेलं. तेल काही अंशी नव्या कागदात गेलं, बाकी सांडपाण्यातून नदीत. ज्या गिरण्यांनी कार्बनलेस कागद कधी बनवला नव्हता, त्यांच्या नळातूनही पीसीबी बाहेर पडत होतं.

नदीत गेलेल्या पीसीबीचा सरकारी अंदाज सुमारे ३ लाख १३ हजार किलोचा आहे, आणि त्यातलं बहुतेक सगळं १९७१ पर्यंतच गेलेलं होतं.

स्वीडनमध्ये सोरेन येन्सेन यांनी १९६६ मध्ये माशांत आणि गरुडात पीसीबी सापडल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत हे रसायन निसर्गात कुठे शोधायचं याचा कुणाला पत्ता नव्हता. इतक्या सूक्ष्म प्रमाणात क्लोरिनयुक्त पदार्थ टिपणारं उपकरण, जेम्स लव्हलॉक यांचा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, १९५० च्या दशकाच्या शेवटीच तयार झालं होतं. म्हणून १९५४ च्या रसायनशास्त्रज्ञांकडून मापाची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पण माप आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी. या प्रकारच्या क्लोरिनयुक्त पदार्थांमुळे कामगारांना कातडीचे आणि यकृताचे विकार होतात याची नोंद १९३० च्या दशकातच झाली होती. आणि न कुजणारं, न विरघळणारं तेल हजारो टनांनी कागदावर चढवलं तर शेवटी ते कुठे जमा होईल, हे विचारायला उपकरण लागत नाही. वही आणि पेन पुरतं.

१९७१ मध्ये कागदातला पीसीबीचा वापर थांबला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनातल्या पीसीबीवर १० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांची, मर्यादा घालावी लागली. रद्दीतून पुठ्ठ्यात आणि पुठ्ठ्यातून जेवणात, हा प्रवास तोवर पूर्ण झाला होता. १९७६ मध्ये नदीतले मासे खाण्याबाबत लोकांना इशारा दिला गेला.

पक्ष्यांवर झालेला एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. १९८३ मध्ये संशोधकांनी ग्रीन बेमधल्या फॉर्स्टर कुररी पक्ष्यांची अंडी आणि पॉयगन सरोवरातल्या, तुलनेने स्वच्छ जागेतल्या त्याच जातीची अंडी आपापसांत बदलली. ग्रीन बेची अंडी स्वच्छ घरट्यात ठेवली तरी नीट उबली नाहीत, म्हणजे दोष अंड्याच्या आत होता. आणि पॉयगनची चांगली अंडी ग्रीन बेच्या पालकांकडे दिली तर तीही बिघडली, कारण ते पक्षी अंड्यांवर नीट बसतच नव्हते. विष आतून होतं आणि वागण्यातूनही होतं. पावतीपुस्तकाची निळी रेघ आणि सोडून दिलेलं घरटं यांच्यामध्ये एकही दुवा सुटलेला नाही. ही साखळी मुलांना फळ्यावर बाणांनी काढून दाखवताना माझा आवाज दर वेळी बदलतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

नदीचा गाळ उपसायचं मोठं काम २०२० मध्ये संपलं. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला.

तेल बदललं, मग कवच

पीसीबी गेल्यावर त्याच्या जागी दुसरी तेलं आली. त्यातलं एक डायआयसोप्रोपिलनॅप्थलीन. क्लोरिन नाही, विषारीपणा खूप कमी. बदल योग्य होता आणि तो लवकर झाला हेही नोंदवलं पाहिजे. पण पुढे पुनर्वापर केलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि त्यातल्या धान्य-पिठांत हे नवं तेलही सापडलं. वाट तीच होती, रद्दीची. प्रवासी बदलला होता.

कवचातही बदल झाले. जिलेटिनच्या जागी बऱ्याच ठिकाणी मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड या प्लास्टिकची कवचं आली. त्यांना दमट हवेची भीती नाही, ती पातळ करता येतात आणि पेनाखाली काचेसारखी तडकतात. हीच कवचं पुढे सुवासाच्या कुप्यांसाठी गेली. धुतलेला टॉवेल चोळला की वास येतो, तो बहुधा त्या फुटल्याने.

आणि इथे प्रकरण उलटं होऊन समोर येतं. फॉक्स नदीत कवच नाहीसं झालं आणि गाभा, म्हणजे आतलं तेल, उरला. सुवासाच्या कुपीत गाभा हवेत उडून जातो आणि न कुजणारं कवच धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यांत ही कवचं येतात. सुवासाच्या कुप्यांना ऑक्टोबर २०२९ पर्यंतची मुदत आहे. कवच ठरवून दिलेल्या चाचण्यांत कुजतं हे दाखवता आलं तर ते बंदीतून सुटतं. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा पुन्हा जिलेटिन, डिंक, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ), स्टार्च यांच्याकडे वळल्या आहेत. ग्रीनच्या बीकरकडे, असं म्हटलं तरी चालेल.

हे सोपं नाही. कुजणारं कवच म्हणजे पाण्याला आणि जिवाणूंना आत शिरू देणारं कवच, आणि साबणाच्या बाटलीत कुपीला वर्षभर पाण्यातच बसायचं आहे. बाटलीत टिकायचं, गटारात कुजायचं. गठ्ठा आणि पेन यांच्यात जसं हजारो पटींचं अंतर होतं तसं इथे नाही. बाटलीतही पाणी, गटारातही पाणी. फरक आहे तो साबणाच्या प्रमाणाचा, जिवाणूंचा, वेळेचा. यातल्या कुठल्या फरकावर कवचाला बोलतं करायचं, हा आजचा खरा प्रश्न आहे आणि माझ्या दोन विद्यार्थिनी त्यावरच काम करताहेत.

त्यांच्या वहीत मी तीन रकाने आखायला लावले आहेत. पहिला धरण्याचा: किती दिवस, किती तापमानाला, किती गळती चालेल. दुसरा सोडण्याचा: कशाने, किती वेळात, किती टक्के. तिसऱ्यात गाभा आणि कवच या दोन्हींची नावं लिहायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं, फुटल्यानंतर एक आठवडा कुठे, एक वर्ष कुठे, वीस वर्षं कुठे. पहिले दोन रकाने त्यांनी एका दुपारी भरले. तिसऱ्यासाठी एकीला महापालिकेच्या मैलापाणी केंद्रात जाऊन गाळ कुठे नेतात ते विचारावं लागलं.

दुसरी गेली रद्दीवाल्याकडे. जुनी बिलबुकं वेगळी काढता का, असं तिने विचारलं. त्याने तराजूवरच्या गठ्ठ्यातून एक गुलाबी पान ओढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाही ताई, पांढरं, गुलाबी, पिवळं, सगळं एकाच भावात जातं. मिलवाले गाडी भरून नेतात." ते पान तिने आणून वहीत चिकटवलं आहे. त्यावर कुणाच्या तरी दुकानाची निळी पावती अजून स्पष्ट वाचता येते.